पुस्तक कशासाठी उघडता? खरं सांगा (अनुभव धागा)

नौपाडा, ठाणे
वाचन प्रेरणा दिन जवळ आला (15 ऑक्टोबर), म्हणून लेकीला शाळेतून घरच्या माणसाची मुलाखत घ्यायला सांगितलं होतं. ‘बाबा, तुम्ही का वाचता?’ मी ज्ञान, व्यक्तिमत्त्व, भाषासमृद्धी सुरू केलं. तिने पेन खाली ठेवलं. ‘हे मॅडमनी फळ्यावर दिलंय. खरं सांगा.’

खरं असं की चरईतल्या दोन खोल्यांत आम्ही नऊ माणसं. हातात पुस्तक असलं की आई दळणाला मला उठवायची नाही, धाकट्याला पाठवायची. मी तेव्हापासून वाचतोय. (धाकटा अजून ऐकवतो.) गोडी पुढे लागली, पण मूळ कामचुकारपणात आहे.

तुमचं कारण लिहा. क्षुल्लक असेल तर आधी लिहा. ‘पुस्तकं आपले मित्र असतात’ नको, ते फळ्यावर आहे.

कळवा
रोज ठाण्याला पूल चढून नऊ-दहा नंबरवर येते आणि वाशी लोकल पकडते. डब्यात ओळखीच्या काकू असतात. पुस्तक तोंडासमोर धरलं की ‘काय गं, स्थळं बघताय ना?’ येत नाही. फोन हातात असला तर येतं, म्हणून फोनवर वाचत नाही. कथासंग्रहच घेते, घणसोली ते सानपाडा एक कथा बसते. कादंबरीच्या नादात एकदा पनवेल गाडीत चढले होते, तुर्भ्यानंतर जुईनगर आलं तेव्हा कळलं.

नेरुळ
माझं माहेर केरळातलं. लग्न होऊन इथे आले तेव्हा मराठी भाजीवाल्यापुरती. सासूबाई गोड आवाजात काहीतरी म्हणत आणि नणंद हसे. नवऱ्याला विचारलं की ‘काही नाही गं, म्हण आहे.’ मग ठरवलं, शिकायचंच. लिपी शाळेतल्या हिंदीमुळे येत होती, आणि ‘ळ’ तर आमच्याकडेही आहे. घरातले जुने दिवाळी अंक काढले.

‘नाकापेक्षा मोती जड’ मला तिसऱ्या वर्षी एका कथेत सापडलं, संदर्भासकट. गॅस बंद केला आणि तशीच बसून राहिले. तीन वर्षं उशिरा राग आला हो! आता मीही म्हणी वापरते. मागच्या आठवड्यात नणंदेच्या नव्या गाडीवरून मी ‘अंथरुणाला बघून पाय पसरावे’ म्हटलं. सासूबाई क्षणभर गप्प. मग म्हणाल्या, ‘अंथरूण पाहून.’

घोडबंदर रोड
वाचत नाही. विकत घेतो. प्रदर्शनात सवलतीची पाटी दिसली की हात थांबत नाही. कपाट भरलं, आता दिवाणात ठेवतोय. वाचायला वेळ नाही असं मात्र नाही, हे सगळं कासारवडवलीला बसमध्ये अडकून लिहितोय.

ठाणे, स्टेशनजवळ
आजोबांपासून आमच्या घरी मराठी ग्रंथसंग्रहालयाची वर्गणी आहे. संस्था 1893ची, त्यामुळे जुनं पुस्तक हाती आलं की ते आपल्याआधी कुणाकुणाच्या घरी राहून आलंय याचीच मला उत्सुकता. मी खरं तर पुस्तकाचे आधीचे वाचक वाचतो. कुठे चहाचा डाग, कुठे बेस्टचं तिकीट, कुठे समासात पेन्सिलीने ‘खोटं!’ (एवढंच, पण किती ठसक्यात.)

एका रहस्यकथेत बाराव्या पानावरच कुणीतरी खुन्याचं नाव लिहून ठेवलेलं. चरफडत वाचली. शेवटी खुनी दुसराच निघाला! म्हणजे त्या माणसाने अंदाज ठोकून पुस्तक परत केलं, की मुद्दाम फसवलं? असल्या माणसाबरोबर चहा प्यायला हवा.

सीवूड्स
झोप येते म्हणून. एक ऐतिहासिक कादंबरी सहा वर्षं पुरली आहे.

वाशी
मला जन्मापासून दिसत नाही. बँकेत नोकरी करतो. कामाचं सगळं फोन दुप्पट वेगात वाचून दाखवतो, तेवढं पुरतं. गोष्ट मात्र ब्रेलमध्येच, सहा ठिपक्यांत. ऐकताना दुसऱ्याच्या घाईने पुढे जावं लागतं. बोटाखाली मी एका ओळीवर संध्याकाळ काढू शकतो, स्वल्पविरामसुद्धा बोटाला लागतो. ऱ्हस्व-दीर्घ तर कानापेक्षा बोटालाच नीट कळतं, त्यामुळे घरातली डोळस मंडळी अर्ज माझ्याकडून तपासून नेतात. अडचण जागेची. एका कादंबरीचे चार जाड खंड होतात.

कोपरखैरणे
माझं नाही, आबांचं लिहितो. मूळ पाटण तालुक्यातले, माथाडी. मुंबईतला बाजार वाशीला आला तसे आम्हीही इकडे आलो. कांदा-बटाट्याच्या गोणी पाठीवर. 1969च्या कायद्यामुळे पगार माथाडी मंडळातून यायचा, पण सही नव्हती, अंगठा. शाई लागलेला अंगठा ते तागाच्या गोणीला घासून मगच घरी यायचे. आम्हाला वाटायचं कांद्याचा डाग.

पन्नाशीनंतर त्यांनी माळ्यावरून माझी पहिलीची बालभारती काढली. सही शिकायची होती, ती महिन्याभरात आली. पण पुस्तक सुटेना. पहिली संपवून दुसरी, मग तिसरी. मी म्हटलं, आबा, पेपर वाचा, पोथी वाचा, आता सगळं येतंय की. म्हणाले, ‘इयत्ता चुकवून कसं चालंल?’ कविता पाठ झाल्याशिवाय धडा पुढे सरकत नसे. आई चूल सोडून परीक्षा घ्यायची, तिलाही वाचता येत नव्हतं, पण अडखळला की तिला बरोबर कळायचं. सातवीला दोन वर्षं लागली.

आणि तिथेच थांबले. आठवीचं पुस्तक मी रद्दीत घातलं होतं. नववी-दहावीची ताईची आहेत, कपाटात, पण हात लावत नाहीत. आता वय अठ्ठ्याहत्तर. सातवीच पुन्हा वाचतात. तेव्हा ते का वाचतात ते मला नक्की सांगता येणार नाही, थांबले का ते येतं.

नौपाडा, ठाणे
कोपरखैरणेकर, आमची लेक आता नववीत आहे, आठवीची बालभारती घरात पडून आहे. पण 2018ला बदललेली, तुमच्या वेळची नव्हे. चालेल का? रविवारी आणून देतो.

कोपरखैरणे
विचारलं. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘नवी असंल तर सातवीबी नवीच लागंल. त्यांना म्हणावं, पोरीची पहिलीपासनं हायत का बगा.’