मिरचीचं बी रुजत नाहीये, त्याच ट्रेमधले टोमॅटो मात्र धडाधड आले – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
घोडबंदर रोडला राहतो, वरचा मजला, बाल्कनी पूर्वेकडे, ऊन अकरापर्यंत बरं असतं. नाताळच्या सुट्टीत एकाच सीडलिंग ट्रेमध्ये टोमॅटो, ज्वाला मिरची, ढोबळी आणि मित्राने आसामहून आणलेली भूत जोलोकिया ही जहाल मिरची असं सगळं लावलं. टोमॅटो आठवड्याभरात वर आले, आता त्यांना खरी पानं (पहिल्या दोन बीजपानांनंतरची) पण फुटली, ज्वाला कुठे एखादी डोकावतेय आणि ढोबळी, जोलोकिया शून्य!! जानेवारी संपत आला हो.

कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन-तीन पाण्यातून धुऊन घेतलंय, त्यात थोडं गांडूळखत. बी अर्धा सेंटिमीटर खोल, सकाळी स्प्रेने पाणी. काल राहवेना म्हणून टूथपिकने उकरून बघितलं तर ढोबळीचं बी नखाखाली पचकन फुटलं, आत पांढरट पाणी आणि आंबूस वास. जोलोकियाचं मात्र टणक, पिवळट, पेरलं तसंच्या तसं. आता ही थंडी म्हणायची, बी खराब म्हणायचं की कोकोपीट? ट्रेखाली ठेवायची विजेवर तापणारी हीट मॅट ऑनलाइन बघितली आणि किंमत बघून टॅब बंद केला. आई म्हणते आम्ही परसात वाळक्या मिरच्या चुरगाळून फेकायचो तरी रान माजायचं, तुझे लाड जास्त झालेत. बायकोचं मत इथे लिहिण्यासारखं नाही.

प्रतिसाद – कोपरखैरणेकर
कोकोपीट निर्दोष, त्यातच टोमॅटो आले ना. मिरचीला मातीत २५ ते ३० अंश लागतात, २० च्या खाली गेलं की ती रखडते, टोमॅटो तेवढा नाजूक नाही. आणि हवामानाच्या ॲपवरचा आकडा बघू नका, ओलं कोकोपीट हवेपेक्षा थंड असतं, त्यात तुमच्याकडे एका बाजूला येऊरचे डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी, रात्री वारा लागत असणार. पहाटे किचन थर्मामीटर ट्रेमध्ये खुपसून बघा. हीट मॅट कसली घेताय ठाण्यात, ट्रेवर प्लॅस्टिक झाका आणि घरात सेटटॉप बॉक्सजवळ नाहीतर फ्रीजवर ठेवा. कोंब दिसल्याबरोबर मात्र उजेडात न्यायचं, नाहीतर दोऱ्यासारखी लांब होतात.

प्रतिसाद – गच्चीवाली
ढोबळीच्या पाकिटावर उगवणीच्या टेस्टची तारीख आणि व्हॅलिडिटी बघा दादा, टेस्टपासून साधारण नऊ महिने असते. त्यानंतर बी लगेच मरतं असं नाही पण आपल्याकडच्या पावसाळ्यात दमट हवेत उघडं पाकीट राहिलं की उगवण घसरतेच. मिरचीच्या प्रमाणित बियाण्याला उगवणीची किमान अटच ६० टक्के आहे, त्यामुळे चांगल्या बियाण्यातही दहातलं प्रत्येक बी येईल अशी अपेक्षा ठेवू नका. उरलेल्यातल्या दहा बिया ओल्या टिश्यूत गुंडाळून झाकणाच्या डब्यात उबेला ठेवा, टिश्यू ओलसर हवा, पाणी साचायला नको, दोन आठवड्यांत काय ते कळेल. ट्रेमध्ये उकरून उकरून काही कळत नाही, उलट नुकतं फुटलेलं मूळ तुटतं.

प्रतिसाद – भाजीबाग
जोलोकिया फेकू नका प्लीज!! ती जातच आळशी, महिना सहज घेते, दीड महिन्यानेही आलेली बघितलीय. टणक आहे म्हणजे अजून आशा आहे, सडलेलं बी असं लागत नाही.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. पहाटे मोजलं, ट्रेमध्ये १८ निघालं! ट्रे आता फ्रीजवर आहे, बायकोने डबे हलवून जागा करून दिली, म्हणजे बोलणी सुरू झालीत. ढोबळीच्या पाकिटावरची तारीख दिवाळीच्याही आधी उलटलेली, नर्सरीवाल्याने डिस्काउंट कशापायी दिला ते आता कळलं. टिश्यूत ज्वालाला मस्त पांढरे कोंब आलेत, ढोबळीला बुरशी. आता हे कोंब उचलायचे कसे, हात लावायलाच भीती वाटते.

प्रतिसाद – गच्चीवाली
मूळ टिश्यूत घुसायच्या आत उचला, घुसलंच तर ओढू नका, टिश्यूचा तेवढा तुकडा कापून तसाच लावा. मुळाला न धरता बियाला धरायचं, मूळ खाली, वर अर्धा सेंटिमीटर कोकोपीट. पाणी सकाळीच द्या आणि वरचा थर थोडा सुकू द्या, कायम ओलं राहिलं की रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडतात, मग काही करता येत नाही. उगवली की प्लॅस्टिक काढा. चार-सहा खरी पानं आली की कुंडीत. ढोबळीसाठी नवीन पाकीट घ्या, पण घेताना आधी उलटं करून तारीख वाचा.

प्रतिसाद – भाजीबाग
आणि जोलोकिया आली की फोटो टाका, न आली तरी सांगा, माझ्याकडे बी आहे, ठाणे स्टेशनला देऊ शकेन.