डबल मार्कर (गरोदरपणातली रक्ततपासणी) 1:180 आलंय, लॅबवाले नुसतं ‘हाय रिस्क’ म्हणाले

कराडची_सायली
पहिलीच वेळ, वय 31, आज शुक्रवारी 13 आठवडे 2 दिवस. दुपारी पोळ्या करत असताना लॅबमधून फोन. ‘मॅडम, हाय रिस्क आहे, डॉक्टरांना भेटा.’ तवा तसाच गॅसवर राहिला. पीडीएफमध्ये ट्रायसोमी 21 (म्हणजे डाऊन सिंड्रोम) समोर लाल अक्षरात 1:180. डॉक्टर सोमवारशिवाय नाहीत, सोनोग्राफी बुधवारी. सासूबाई म्हणतात, ‘आमच्या घराण्यात असलं कुणाला नाही.’ बाळाला डाऊन्स आहे असंच समजायचं का?

मीनल_पुणे
सायली, आधी तवा उतरव. असा आकडा आलेल्या 180 जणींमध्ये एकीच्या बाळाला डाऊन्स असतं, 179 जणींच्या नसतं. बऱ्याच लॅबमध्ये 1:250 च्या वर धोका गेला की आकडा लाल होतो, बाकी त्या रंगाला अर्थ नाही.

आता पीडीएफचं पहिलं पान बघ. वजन, जन्मतारीख बरोबर आहे? एनटीचा रकाना भरलाय? एनटी म्हणजे बाळाच्या मानेमागचा पाण्याचा थर. माझ्या वेळी रक्त आधी घेतलं, सोनोग्राफी नंतर, त्यामुळे नुसत्या रक्तावरच हिशेब झाला होता. एनटी घालून परत काढला तर 1:140 चं 1:96 झालं! धोका कमीच होईल असं नाही, पण आकडा जास्त भरवशाचा. आणि एनटी 13 आठवडे 6 दिवसांपर्यंतच मोजतात. बुधवारी उशीर होईल.

मी 16व्या आठवड्यात अम्निओ केली, म्हणजे बाळाभोवतीचं पाणी काढून तपासणं. सोनोग्राफीत बघत बघत सुई घालतात. टोचण्यापेक्षा आत कुणी ओढतंय असं वाटलं. सिरिंजमधलं पाणी फिक्कट पिवळं, पातळ लिंबू सरबतासारखं. गर्भपाताचा धोका मला 200 त एक सांगितला होता, सराईत हातात त्याहून कमी. फिश (मोजक्या गुणसूत्रांची झटपट तपासणी) तीन दिवसांत आली, पूर्ण कॅरिओटाइपला (सगळ्या गुणसूत्रांच्या तपासणीला) अडीच आठवडे. तेवढे दिवस मी नवऱ्याशीही धड बोलले नाही. सगळं नॉर्मल निघालं, तो आता चौथीत आहे.

सासूबाईंना सांग, बहुतेक वेळा हे घराण्यातून येत नाही. 21व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त, बस्स.

नाशिककर_बाबा
आम्ही आधी एनआयपीटी केली. आईच्याच रक्तातला बाळाचा डीएनए तपासतात, पोटात सुईची भीती नाही. डाऊन्सच्या शंभरातल्या नव्याण्णव केसेस पकडते, पण तीही चाळणीच. पॉझिटिव्ह आली तर अम्निओ करावीच लागते. आणि मुलगा की मुलगी ते सांगत नाहीत, 1994 च्या कायद्याने बंदी आहे. आमच्या आत्याने लॅबवाल्याला तीनदा विचारलं!

चिऊची_आई
माझ्या चिऊला डाऊन्स आहे, नऊ वर्षांची. माझा रिपोर्ट ‘लो रिस्क’ होता, 1:1100. त्या अकराशेतली एक मी. हृदयात छिद्र होतं, जन्मानंतर आठव्या महिन्यात ऑपरेशन झालं. आज व्हॅनवाल्या काकांना ती रोज दप्तर उचलायला लावते, स्वतः पुढे जाऊन खिडकी पकडते.

सुई टोचून घेण्याआधी दोघं बसून बोला, उत्तर ‘हो’ आलं तर काय करणार. नुसतं माहीत असावं म्हणून तपासणी केली तरी चालतं. पण वेळेचं भान ठेवा, 24 आठवड्यांनंतर गर्भपाताचा विचार असेल तर प्रकरण वैद्यकीय मंडळाकडे जातं.

कराडची_सायली
एनटीचा रकाना रिकामाच आहे. सेंटरला फोन केला, उद्या सकाळी साडेनऊला बोलावलंय. चिऊची आई, तुम्हाला मेसेज केला तर चालेल का?

चिऊची_आई
कधीही कर गं. रात्री दहानंतर बरं, चिऊ झोपल्यावर.