प्रतिसाद: धोबीतलावच्या कुडी (गोवेकरांची गावनिहाय वसतिगृहं) पण विसरू नका

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या सेलर्स होमचा, म्हणजे खलाशांसाठीच्या जुन्या वसतिगृहाचा विषय वर चर्चेत निघालाय (आताचं महाराष्ट्र पोलीस मुख्यालय), तर थोडी भर घालतो. त्या इमारतीला बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दोन लाख रुपये दिले होते आणि १८७६ ला ती बांधून झाली, पण सोय मुख्यतः गोऱ्या खलाशांची. आपल्या गोवेकर तारवट्यांचं (बोटीवरच्या खलाशांचं) काय? त्यांनी आपापल्या गावाच्या नावाने धोबीतलावला कुडी काढल्या, नाममात्र भाडं, भिंतीलगत ट्रंका, जमिनीवर चटया, वेदीपुढे संध्याकाळचा रोझरी (जपमाळेची प्रार्थना), आणि पुढची बोट मिळेपर्यंत माणूस तिथेच, गावचीच माणसं आजूबाजूला. मला तर हेच खरं वेल्फेअर वाटतं, कुणा साहेबाच्या मेहेरबानीवर नाही, स्वतःच्या वर्गणीवर उभं केलेलं. काही कुडी अजून चालू आहेत, त्या टिकायलाच हव्यात.