तालुक्याच्या गावी ऑक्युपेशनल थेरपिस्ट कुठे शोधायचा?

रानवारा:
वाशिम जिल्हा, तालुक्याचं गाव. मुलगा साडेचार वर्षांचा. पेन्सिल मुठीत धरतो, शर्टाचं बटण लावता येत नाही, मिक्सर लावला की कान झाकतो. बालरोगतज्ज्ञांनी चिठ्ठीवर नुसतं 'ओटी' (ऑक्युपेशनल थेरपी) लिहिलंय. इथले फिजिओ म्हणतात, 'ओटीपण करतो.' चालेल का?

निंबोणी:
नाही. चालणं, तोल, ताकद हे फिजिओचं. जेवण, कपडे, लिहिणं, आवाज-स्पर्श सहन न होणं हे ओटीचं. पदवी विचारा: बी.ओ.टीएच., म्हणजे ऑक्युपेशनल थेरपीची पदवी, इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्तीची. शिवाय राज्याच्या ओटी-पीटी (फिजिओथेरपी) कौन्सिलचा नोंदणी क्रमांक. कुणी आरसीआयचा, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेचा, नंबर पुढे केला तर तो ओटीचा नव्हे. तिथे स्पेशल एज्युकेटर, स्पीच थेरपिस्ट वगैरेंची नोंद होते.

पाटीपेन्सिल:
आधी फुकटातलं बघा. जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी म्हणजे मुलांच्या वाढीतल्या अडचणींसाठीचं शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, १८ वर्षांपर्यंत मोफत. अंगणवाडीत आरबीएसकेचं, म्हणजे सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, मुलं तपासणारं पथक वर्षातून दोनदा येतं, पण त्याची वाट बघत बसू नका. अंगणवाडीताईंकडून पथकाच्या डॉक्टरांचा फोन घ्या, त्यांच्याकडून रेफरल लिहून घ्या. निघण्याआधी केंद्राला एकच विचारा: ओटीची जागा भरलेली आहे का, आणि कोणत्या वारी? नाहीतर एसटीचं भाडं अंगावर.

निंबोणी:
तिथे नसेल तर नागपूर मेडिकलला ओटीचं कॉलेजच आहे. एकदा नीट असेसमेंट, मग महिन्याला एक फेरी, मधे व्हिडिओ कॉल. कॉलवेळी मोबाइल तोंडासमोर नको; बाजूला, टेबलाच्या उंचीवर, हात आणि पाऊल दोन्ही दिसतील असा. 'सेन्सरी' (आवाज-स्पर्श वगैरे संवेदनांची) थेरपी म्हणून नुसतं झोक्यावर बसवून ४५ मिनिटं काढणारे, पालकांना दाराबाहेर ठेवणारे टाळा. घरी काय करायचं ते कागदावर मिळालंच पाहिजे.

रानवारा:
तोवर घरी काय करू?

निंबोणी:
लांब पेन्सिल काढून घ्या. खडूचे इंचभराचे तुकडे द्या. मुठीत धरता येत नाहीत, तीन बोटं आपोआप पुढे येतात. कागद भिंतीवर, डोळ्यांच्या उंचीला चिकटवा, मनगट मागे वळतं. बसताना पाय लोंबकळत असतील तर खाली वीट ठेवा. पाय अधांतरी असले की सगळी शक्ती तोल सांभाळण्यात जाते. मटार सोलणं, वाळत घातलेल्या कपड्यांचे चिमटे काढणं, रोज दहा मिनिटं पुरे. मिक्सर लावण्याआधी त्याला सांगा, बटण त्यालाच दाबू द्या. आणि पंख्याच्या हुकाला झोका टांगू नका, हिसक्याचा भार त्याला झेपत नाही.