बॅकअप फसला, तरी $? मध्ये शून्य कसे?

ऐरोलीकर: नमस्कार. महापे येथील आमच्या छोट्या कार्यालयात रोज रात्री दीड वाजता एक बॅश स्क्रिप्ट (लिनक्स कमांडची फाइल) टार या फाइली एकत्र बांधणाऱ्या कमांडने बॅकअप घेते. टारचे आउटपुट आणि एरर दोन्ही पाइपमधून (एका कमांडचे आउटपुट दुसरीला देणारी जोडणी) टी या कमांडकडे जातात व तिच्यामार्फत लॉगमध्ये (नोंदींच्या फाइलमध्ये) उतरतात. पुढच्याच ओळीत $? (आधीच्या कमांडचा निकाल सांगणारा आकडा, शून्य म्हणजे यश) शून्य असल्यास ‘बॅकअप पूर्ण’ असा मेल येतो. नऊ दिवस तो नेमाने येत होता. काल एक फाइल परत हवी होती म्हणून पाहिले, तर बॅकअपची डिस्क काठोकाठ भरलेली आणि लॉगमध्ये रोज ‘नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस’. मग $? शून्य कसे?

नौपाडा_टर्मिनल: तो शून्य टारचा नाही, टीचा आहे. पाइपने जोडलेल्या कमांडच्या साखळीचा, म्हणजे पाइपलाइनचा, एक्झिट कोड (निकालाचा आकडा) म्हणून बॅश शेवटच्या कमांडचा कोड देते, आणि टीने टारची रड लॉगमध्ये चोख उतरवून आपले काम पूर्ण केले होते. स्क्रिप्टच्या आरंभी ‘सेट -ओ पाइपफेल’ लिहा, म्हणजे मधली कोणतीही कमांड फसली तरी पाइपलाइनचा कोड शून्य येणार नाही. केवळ टारचा कोड हवा असल्यास प्रत्येक कमांडचा कोड ठेवणाऱ्या पाइपस्टेटस या अ‍ॅरेतील ० क्रमांकाचा, म्हणजे पहिला, घटक वाचा. मात्र तो लगेच वाचावा लागतो, कारण मध्ये मजकूर छापणारा साधा एको आला तरी $? आणि पाइपस्टेटस दोन्ही बदलतात. या एकोने मलाही एकदा अख्खी संध्याकाळ छळले आहे.

वाशी_रात्रपाळी: वरील उत्तराशी सहमत आहे, परंतु ‘शून्य नाही म्हणजे अपयश’ असे सरसकट धरू नका. मजकुरात शब्द शोधणाऱ्या ग्रेपला शब्द सापडला नाही तर तो १ देतो आणि खरी चूक झाल्यास २. ग्नू टारही (लिनक्सवरील नेहमीचा टार) वाचन चालू असताना एखादी फाइल बदलली तर १ देतो, तर २ म्हणजे गंभीर चूक. १ आणि २ साठी वेगवेगळे मेल ठेवा, नाहीतर रोजच्या खोट्या इशाऱ्यांना कंटाळून खरा इशाराही कुणी उघडणार नाही.

ऐरोलीकर: दोघांचेही आभार. पाइपफेल लावून मुद्दाम अस्तित्वात नसलेल्या फोल्डरचे नाव दिले, तेव्हा $? मध्ये २ आला. आता मेलच्या विषयातच तो आकडा टाकला आहे आणि डिस्कवरचे जुने बॅकअप काढत आहे.