बहिणीच्या हक्कसोडपत्राबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वडील गेल्या वर्षी गेले, मृत्युपत्र नाही. मागे आई, मी आणि धाकटी बहीण. दिंडोरी तालुक्यात आजोबांपासूनची द्राक्षबाग आहे; तिथे वारस नोंद होऊन सातबाऱ्यावर तिघांची नावं लागली. नाशिकमधल्या इंदिरानगरचा फ्लॅट मात्र वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेला.

बहीण दुबईला असते. ती म्हणते, "दादा, माझा हिस्सा आईच्या नावावर कर." तिच्यावर कुणाचाही दबाव नाही, हे आवर्जून सांगतो. उलट हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर तुझा माझ्याइतकाच हक्क आहे, हे मीच तिला दोनदा समजावलं.

हक्कसोडपत्र नोंदणीकृतच लागतं, एवढं कळलं. पण ते फक्त आईच्या लाभात करता येतं का, की आम्हा दोघांच्याही? वडिलोपार्जित मिळकतीला ५०० रुपये मुद्रांक पुरतो म्हणतात, मग फ्लॅटचं काय? त्यासाठी बक्षीसपत्र बरं पडेल का? आणि तिच्या वतीने सही करण्यासाठीचं मुखत्यारपत्र तिने दुबईतल्या भारतीय वाणिज्य दूतावासात केलं, तर इथे दुय्यम निबंधकाकडे आणखी काय लागेल?

आईचं वय ७४, तिला सारख्या फेऱ्या झेपत नाहीत. नाशिकमध्ये नुकतं कुणी हे केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.