वेल्शपूलला अर्धा दिवस पुरे?
पॉविस किल्ल्यातला टिपूचा तंबू आणि सिंहासनावरचं सोन्याचं वाघाचं डोकं पाहिलं की वेल्समधलं वेल्शपूल गाव संपलं, अर्धा दिवस पुरे, असं एकाने लिहिलंय. किल्ल्याबद्दल पूर्ण सहमत. त्या छिटाच्या तंबूसमोरून माझा पाय निघेना. १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडलं तेव्हा रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा एडवर्ड मद्रासचा गव्हर्नर होता आणि त्याची बायको पॉविसच्या घराण्यातली, म्हणून हा ऐवज वेल्समध्ये पोचला. पण अर्धा दिवस पुरे, हे नाही पटत.

गावाच्या पश्चिम टोकाला रेव्हन स्क्वेअर स्टेशन आहे. मेन लाइनच्या स्टेशनपासून चालत साधारण मैलभर. तिथून लानव्हायर गावाला वाफेची छोटी गाडी जाते, १९०३ सालची लाइन. रुळांची रुंदी अडीच फूट, म्हणजे आपल्या जुन्या बार्शी लाइट रेल्वेइतकीच! माझं आजोळ त्याच बार्शी लाइनवरच्या कुर्डुवाडीचं, त्यामुळे ते अरुंद रूळ बघूनच गलबलून आलं. काही डबे ऑस्ट्रियातून आणलेले आहेत, त्यांना टोकाला उघडा सज्जा असतो. तिथेच उभे राहा. निघाल्यावर लगेच गोल्फा नावाचा चढ लागतो, २९ फुटांना एक फूट. इंजिन अक्षरशः धापा टाकतं, कोळशाची कणी बाहीवर येऊन बसते आणि कुंपणापलीकडच्या मेंढ्या मान वर करूनही बघत नाहीत. जाऊन-येऊन आठ-आठ मैल. गाडी रोज नसते, तेव्हा आधी वेळापत्रक बघा आणि किल्ला त्याच्या आगेमागे बसवा. सोमवारी गेलात तर मेंढ्यांचा बाजारही सापडेल.